हुरूप देणारा पिक्चर पाहिजे!

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी दहावीपर्यंत होतं, पण मार्क मिळवून देणारा विषय नाही म्हणून सगळ्यांनी जसा उरकला तसाच मीही उरकला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको! लेख मागायला तेच आमच्या होस्टेलच्या गेटवर आले होते.

विषय त्यांना सांगितला तेव्हा ते हसले. "थिएटरमध्ये जाऊन चांगला पिक्चर शोधणे, यात अभ्यास कसला? मोबाईल उघडायचा, तिकीट काढायचं." मलाही आधी तसंच वाटायचं. पण २०२५ च्या फेब्रुवारी ते मे असे जवळजवळ तीन महिने मी ठाणे ते कल्याण या पट्ट्यात हा शोध घेत होते, आणि तो सोपा नाही हे आता अनुभवाने सांगते.

तर झालं असं. फेब्रुवारीच्या शेवटी आमचा सेकंड इयरचा निकाल लागला आणि माझ्या रूममेटला दोन केट्या लागल्या. एम-थ्री आणि नेटवर्क थिअरी. आता इंजिनिअरिंगला केटी लागणे म्हणजे सर्दी होण्यासारखं आहे, हे आपण सगळे एकमेकांना सांगतो. पण ज्याला लागते त्याला ते पटत नाही. ही मुलगी जळगावकडची, बारावीला तालुक्यात नाव झालेली. तिने भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली. मेसमध्ये येईना. मी डब्यात पोळी-भाजी आणून ठेवायचे, ती संध्याकाळी तशीच असायची. घरी तिने एकच केटी सांगितली होती, दुसरी लपवली होती. रोज रात्री अप्पांचा फोन आला की ती कॉरिडॉरमध्ये जाऊन अगदी आनंदी आवाजात बोलायची, आणि आत आली की परत भिंत.

मला समजूत घालायला जमत नाही. "होईल गं सगळं नीट" हे वाक्य मी तीन-चार वेळा म्हटलं आणि दर वेळी ते जास्तच खोटं वाटलं. आमच्या शाळेत मात्र एक पद्धत होती. परीक्षा संपली, कोणी आजारी पडलं, पाऊस लागून राहिला, काहीही झालं की सिस्टर हॉलमध्ये पडदा लावून १९६५ चा 'द साऊंड ऑफ म्युझिक' दाखवायच्या. डोंगरावर गाणी म्हटली की दुःख जातं, असं माझं दहावीपर्यंतचं ठाम मत होतं! त्याच मतावर मी ठरवलं, की हिला पिक्चरला न्यायचं. साधासुधा नाही, हुरूप देणारा.

आता भूगोल. आपल्याकडे पडदे कमी नाहीत. ठाण्यात विवियानाला एकट्या सिनेपोलिसचे १४ पडदे आहेत (मॉलचं नाव आता लेक शोअर झालंय, पण रिक्षावाल्याला अजून विवियानाच सांगावं लागतं). डोंबिवलीच्या पुढे पलावाला मॉलमध्ये आहेत, कल्याणला आहेत. जुनी एकपडदा टॉकीजं बरीचशी गेली. ठाण्यात एसटी पकडायला आपण 'वंदना'ला जातो, ते नाव टॉकीजचं आहे हे मला डोंबिवलीच्या मावशीने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मावशी म्हणते, तिच्या कॉलेजच्या वेळी निवड सोपी होती. टिळकला जो लागला असेल तो बघायचा, आवडला नाही तर पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायचं. आता चौदा पडदे असतात आणि त्यातल्या नऊ-दहांवर एकच पिक्चर असतो.

मराठी सिनेमाला पडदा मिळत नाही ही ओरड जुनीच. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवणं सक्तीचं केलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग वाद झाला आणि प्राइम टाइमची व्याख्याच दुपारी बारा ते रात्री नऊ अशी झाली. इतका लांब प्राइम टाइम जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. नोकरी करणाऱ्यांना दुपारचा शो म्हणजे नसल्यासारखाच. होस्टेलच्या मुलींना मात्र तो बरा पडतो, कारण आमचं गेट नऊला बंद होतं. (रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर त्यांनी कृपया याचा विचार करावा.)

पहिला प्रयत्न मार्चच्या पहिल्या आठवड्यातला. तेव्हा जिकडेतिकडे 'छावा' होता. १४ फेब्रुवारीला लागला होता, आणि आमचा अख्खा मजला बघून आला होता. संभाजी महाराज म्हणजे धैर्याची कमाल, याहून उमेद देणारं काय असणार, असा माझा हिशोब. ठाण्याला गेलो. थिएटरमध्ये घोषणा, शेवटी सगळे रडतायत, शेजारचे आजोबा चष्मा पुसतायत. पिक्चर अंगावर येतो, यात शंका नाही. पण बाहेर पडल्यावर रूममेट जिन्यात थांबली आणि म्हणाली, "त्यांनी एवढं सोसलं, आणि मी दोन केट्यांसाठी रडतेय. लाज वाटते गं स्वतःची." परत येताना दिव्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मी चाटच पडले. म्हणजे पिक्चर चांगला होता, आणि औषध उलटं पडलं! असं का व्हावं?

इथून अभ्यास सुरू झाला. कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमना मी हा प्रश्न विचारला, आणि त्यांनी मानसशास्त्राचं थोडं वाचायला दिलं. ते मला समजलं तसं सांगते.

कॅनडात लॉकवुड आणि कुंडा या दोन संशोधक बायकांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना एक बातमी वाचायला दिली. त्यांच्याच विषयाचा, शेवटच्या वर्षाचा एक अतिशय हुशार, सगळीकडे पहिला येणारा विद्यार्थी, त्याच्याबद्दलची. पहिल्या वर्षाच्या मुलांनी ती वाचली आणि त्यांना स्वतःबद्दल जास्त चांगलं वाटू लागलं. आपल्यालाही तीन वर्षं आहेत, आपणही होऊ शकतो. चौथ्या वर्षाच्या मुलांवर मात्र तसा परिणाम झाला नाही. त्यांची वेळ निघून गेली होती. बातमी एकच, माणूस एकच. फरक वाचणाऱ्याच्या जागेत होता. 'हे मला गाठता येईल' असं वाटलं तर मोठा माणूस वर ओढतो, नाही तर तो नुसता मोठा राहतो आणि आपण लहान होतो. 'छावा'च्या जिन्यात आमचं नेमकं हेच झालं होतं.

दुसरा प्रयोग तर पिक्चरचाच आहे म्हणा ना! अमेरिकेत शुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अपूर्णांक न जमणाऱ्या शाळकरी मुलांना व्हिडिओ दाखवले. एका प्रकारच्या व्हिडिओत त्यांच्याच वयाचं मूल सगळी गणितं झटाझट, न चुकता सोडवतं. दुसऱ्या प्रकारात मूल आधी अडखळतं, "हे मला जमत नाही" म्हणतं, चुकतं, परत करतं, आणि हळूहळू जमायला लागतं. पहिल्या प्रयोगात ज्या मुलांनी अडखळणारं मूल पाहिलं त्यांचा आत्मविश्वास जास्त वाढला आणि गणितंही त्यांचीच जास्त बरोबर आली. एक्झामला टॉपरची जर्नल बघून आपल्याला जे वाटतं आणि केटी काढलेल्या सिनियरच्या वहीकडे बघून जे वाटतं, त्यातला हा फरक आहे. कॉलेजात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला 'कोपिंग मॉडेल' म्हणतात हे माहीत नसतं.

याच्या मागे अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं १९७७ चं काम आहे. 'हे मला करता येईल' हा विश्वास माणसाला कुठून मिळतो, याचे त्याने चार मार्ग सांगितले. सगळ्यात पक्का म्हणजे स्वतः काहीतरी करून ते जमणं. त्याखालोखाल, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहणं. मग लोकांनी धीर देणं. आणि चौथं, आपल्या शरीराची-मनाची त्या वेळची अवस्था. म्हणजे माझं "होईल गं सगळं नीट" तिसऱ्या नंबरवर, आणि पिक्चर दुसऱ्या. पिक्चर पहिल्या नंबरची जागा कधीच घेऊ शकत नाही, हेही त्यातून कळलं. ते जरा जड गेलं, कारण माझी सगळी भिस्त पिक्चरवर होती.

अजून एक शब्द मला आवडला. जोनाथन हाइट नावाच्या अभ्यासकाने २००० च्या सुमारास 'एलिव्हेशन' या भावनेबद्दल लिहिलं. दुसऱ्याचा चांगुलपणा पाहिला की छातीत काहीतरी ऊबदार वाटतं, घसा दाटतो आणि आपणही काही चांगलं करावं असं वाटतं, ती ही भावना. मराठीत याला एक शब्द नाही असं मी मावशीला म्हटलं, तर ती म्हणाली, "भरून येणं म्हणतात त्याला." कॉन्व्हेंटचं शिक्षण!

मग मी सगळ्यांना विचारत सुटले, की तुला उभारी देणारा पिक्चर कोणता? आमच्या मजल्यावर बहुमत 'थ्री इडियट्स'ला. २००९ चा पिक्चर, आमच्यातल्या बहुतेकींना तेव्हा धड बोलताही येत नव्हतं, तरी! मला तो आवडतो, पण त्यातला हिरो एकदाही अडखळत नाही. पहिला येतो, वर सगळ्यांना शिकवतो. अडखळतात ते त्याचे मित्र. त्यामुळे खरा धीर त्यांच्याकडूनच मिळतो, असं माझं मत. 'छिछोरे' (२०१९) मला त्या हिशोबाने जास्त प्रामाणिक वाटतो. तिथे एक बाप आपल्या मुलाला स्वतःच्या होस्टेलची गोष्ट सांगतो, ती जिंकण्याची नसून हरण्याची असते. दिग्दर्शक नितेश तिवारी स्वतः आयआयटी मुंबईचे, म्हणून होस्टेल होस्टेलसारखं दिसतं. आणि 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४), जो प्रत्येक होस्टेलच्या हार्ड डिस्कवर असतोच, तो आधी अमेरिकेतल्या थिएटरांत चालला नव्हता. लोकांनी तो नंतर घरी शोधून काढला.

मराठीत मात्र माझा शोध जास्त फळाला आला. 'श्वास' मी कॉमन रूममध्ये प्रोजेक्टरवर पाहिला. २००४ चा, संदीप सावंत यांचा. 'श्यामची आई'नंतर पन्नासेक वर्षांनी मराठी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याने मिळवून दिलं, आणि भारतातर्फे तो ऑस्करलाही गेला. गोष्ट काय? कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात, आणि कळतं की मुलाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे. जगवायचं तर डोळे काढावे लागतील. याला कोणी हुरूप देणारा पिक्चर म्हणेल का? पोस्टर बघून मी तरी गेले नसते. पण डॉक्टर सांगतात की मुलाला खरं सांगितल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, आणि आजोबा ऑपरेशनच्या आधी नातवाला गुपचूप बाहेर नेऊन जग दाखवतात, तिथे कॉमन रूममध्ये एकही मुलगी मोबाईल बघत नव्हती. संकट टळत नाही. डोळे जातातच. तरी शेवटी वाटतं की हे लोक जगतील. हे कसं केलं त्या दिग्दर्शकाने, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आपल्या शाखेच्या लोकांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' जरूर बघावा. परेश मोकाशींचा, जानेवारी २०१० मध्ये प्रदर्शित झालेला, दादासाहेब फाळक्यांवरचा. मला वाटलं होतं थोर पुरुषाचं चरित्र म्हणजे हार-तुरे असणार. निघाला एका वेड्या इंजिनिअरचा विनोदी पिक्चर! फाळक्यांनी पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहिलं आणि त्यांना हे यंत्र समजून घ्यायचं वेड लागलं. डोळे जायची वेळ आली. विमा पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा आणला, आणि पहिल्यांदा काय शूट केलं? कुंडीतलं रोप. रोज थोडं थोडं चित्रण करून बी रुजण्यापासून वेल वाढेपर्यंतची छोटी फिल्म, ती दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. आपण ज्याला प्रोटोटाइप म्हणतो ते हेच की! मग ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. पिक्चरमध्ये हा सगळा उद्योग घरात, बायका-पोरांच्या मदतीने, भांडीकुंडी विकून चाललेला दिसतो. काम करताना माणूस किती मजेत असू शकतो, हे बघूनच बरं वाटतं. त्याला यश मिळतं म्हणून नाही.

कल्याणच्या लोकांसाठी 'आनंदी गोपाळ' (२०१९, दिग्दर्शक समीर विद्वांस) आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५. आपण रोज ज्या स्टेशनावर धक्के खातो त्या गावातली नऊ वर्षांची मुलगी लग्न होऊन जाते, चौदाव्या वर्षी आई होते, दहा दिवसांचं मूल औषधपाण्याविना जातं, आणि तिथून ती डॉक्टर व्हायचं ठरवते. १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी. मी हिशोब केला. त्या दिवशी त्यांचं वय वीस वर्षं पूर्ण, एकविसाला वीस दिवस कमी. माझ्या वयाच्या! आता इथे लॉकवुड-कुंडाबाईंच्या नियमाने मी खचायला हवं होतं. त्या वीसाव्या वर्षी डॉक्टर, मी वीसाव्या वर्षी सबमिशनसाठी सह्या गोळा करतेय. पण पिक्चरने तसं होऊ दिलं नाही, कारण त्यात आनंदीबाई सुरुवातीला अभ्यासाला कंटाळलेल्या दिसतात. नवऱ्याची सक्ती नकोशी झालेली, शेजारपाजार हसणारा. गोपाळरावही देवमाणूस नाहीत, तऱ्हेवाईक आहेत, कधीकधी राग येईल असे. पायऱ्या दिसतात. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने त्या गेल्या, एक दिवसही दवाखाना न चालवता, हे माहीत असूनही बाहेर येताना हात रिकामे वाटत नाहीत. मावशीने हा तिच्या भिशीच्या बायकांबरोबर लागला तेव्हाच थिएटरमध्ये पाहिला होता. (२०२३ मध्ये याच बायका नऊवारी नेसून 'बाईपण भारी देवा'ला गेल्या होत्या, आणि थिएटरमध्ये नाचल्या होत्या. तो वेगळा लेख होईल.)

मावशीची स्वतःची कसोटी आहे. ती म्हणते, "पिक्चर सुटल्यावर घरचं राहिलेलं काम आठवलं पाहिजे, आणि ते जड वाटलं नाही पाहिजे. मग तो चांगला." बांडुरा वाचून झाल्यावर मला हे जास्त पटलं.

पण या सगळ्या जुन्या गोष्टी. थिएटरला काय लागलंय? मार्चमध्येच दुसरा प्रयत्न केला. ७ मार्चला 'स्थळ' लागला होता, विदर्भातल्या खेड्यातल्या एका मुलीची गोष्ट. तिला शिकायचंय आणि घरात तिला बघायला स्थळं येतायत. २०२३ ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालेलं. उमेद देणारा असेल की नाही माहीत नव्हतं, पण रूममेट म्हणाली, "हे माझ्या मामेबहिणीचं झालंय, बघू या." आमच्या वेळेत बसणारा एकच शो मिळाला, तोही लांबच्या एका थिएटरला. लोकल, मग रिक्षा, मग चालत पोचलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, दोनच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल." ती दोन तिकिटं आमचीच होती!

परत डोंबिवलीला आलो. स्टेशनबाहेर वडापाव घेतला आणि फडके रोडला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. काय झालं माहीत नाही, पण तिथे ती पहिल्यांदा पेपरबद्दल बोलली. एम-थ्रीला पहिला प्रश्न लाप्लासचा होता. तो तिला आला नाही. "मग?" म्हटलं. "मग काही नाही. पुढचे प्रश्न मी वाचलेच नाहीत. वाटलं, पहिलाच येत नाही म्हणजे काहीच येत नाही. एक तास नुसती बसले आणि उठून आले." हॉलमधून बाहेर आल्यावर कोणीतरी प्रश्नपत्रिका दाखवली, तर फुरिएचा प्रश्न तिने आदल्या रात्रीच केला होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मी सुद्धा काही बोलले नाही, आणखी एक वडापाव आणला. न दाखवलेल्या पिक्चरचा एवढा उपयोग मी तरी दुसरा पाहिला नाही.

एप्रिल जर्नल आणि व्हायवात गेला. मग १ मे २०२५ ला 'आता थांबायचं नाय!' लागला. शिवराज वायचळ यांचा हा चित्रपट. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार, म्हणजे गटारं, कचरा साफ करणारी माणसं. त्यांचे एक अधिकारी त्यांना दहावी पास व्हायला लावतात. दिवसा ड्यूटी आणि रात्री शाळा. खरोखर घडलेल्या प्रसंगावर बेतलेला. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, ओम भुतकर, आणि अधिकाऱ्याच्या भूमिकेत चक्क 'लगान'वाले आशुतोष गोवारीकर. आम्ही दोघी तेव्हा पीएलसाठी मावशीकडे राहायला आलो होतो. या वेळी मी शहाणी झाले होते. मराठी पिक्चर पहिल्या आठवड्यात चालला तर टिकतो, नाही तर शो कापले जातात, म्हणून फार थांबले नाही. कल्याणला दुपारचा शो, मावशी बरोबर. पडद्यावर आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं तेव्हा मावशीला मी सांगितलं, की आता यूए मध्येही सात, तेरा, सोळा असे तीन प्रकार झालेत. ती म्हणाली, "बारं, पण पिक्चर कसा आहे ते कुठे लिहितात?" नाही लिहीत. 'सत्यघटनेवर आधारित' ही पाटीही काही हमी नाही, ती रटाळ पिक्चरांवरही असते.

थिएटर अर्ध्याहून जास्त भरलं होतं. पुढच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यातले काका मोठ्याने हसत होते. हे कामगार बाकावर बसतात ते अवघडून, ज्या हातांनी दिवसभर फावडं धरलं त्या हातांना पेन नीट धरता येत नाही. चुकतात, झोपा काढतात, पळून जातात, सबबी सांगतात. आपण सांगतो त्याच सबबी! गणिताला तर सगळे आपल्यासारखेच घाबरतात. मी चोरून रूममेटकडे बघत होते. पहिला अर्धा तास ती खुर्चीत मागे रेलून होती. मग पुढे सरकून बसली. मध्यंतरात तिने पॉपकॉर्न मागितले. (मावशीने घरून चिवडा आणला होता, तो दाखवायची सोय नव्हती.) दुसऱ्या भागात ती हसत होती आणि एकीकडे डोळे पुसत होती. पिक्चर थोडा लांबलाय, एक-दोन ठिकाणी भाषण होतं, हे मी तटस्थपणे नोंदवते. पण त्यातली माणसं आमच्या वरच्या मजल्यावरून हात हलवत नव्हती, जिन्यातच भेटली.

बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. मावशी भाजी घ्यायला थांबली. आम्ही पुलावरून फलाटावर आलो. डोंबिवलीची स्लो लोकल यायला वेळ होता. इंडिकेटरकडे बघत ती म्हणाली, "नेटवर्कचा पेपर एम-थ्रीच्या आधी आहे ना?" मी हो म्हटलं. मग तिने फोन काढला आणि अप्पांना लावला. गाड्यांच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे आनंदी आवाज वगैरे काढायची सोयच नव्हती. "अप्पा, एक नाही, दोन विषय राहिलेत," असं ती म्हणाली. मी दुसरीकडे बघत होते, पण पलीकडचं ऐकू आलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

त्या रात्री मावशीकडे जेवण झाल्यावर आम्ही एम-थ्री काढलं. लाप्लासला हातही लावला नाही. फुरिएचं एकच गणित केलं, ते सुटलं. बांडुराचा पहिला नंबर!

मे महिन्यात नेटवर्क सुटला. एम-थ्री तीन मार्कांनी राहिला. हो, राहिला. पिक्चर बघून केटी निघते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण तिने तो पेपर पूर्ण तीन तास लिहिला होता, चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करून. डिसेंबरमध्ये परत दिलाय आणि हा लेख संपादकांकडे देतेय तेव्हा निकाल यायचा आहे. ती म्हणते, निकाल काहीही लागो, त्या आठवड्यात पिक्चरला जायचं, आणि शोधायचं काम नेहमीप्रमाणे माझं. मी आत्ताच बघून ठेवलंय. कल्याणला साडेतीनचा शो आहे, म्हणजे नऊच्या आत गेटवर.